थाई हॉटेलाचं वकीलपत्र

फ्रिमाँट, कॅलिफोर्निया
रविवार

ती. नानाकाका आणि ती. सौ. काकू यांना
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चार पानांतली साडेतीन पानं आमच्या कोपऱ्यावरच्या थाई हॉटेलावर आहेत, आणि सोसायटीचं पाणी, काकूंचा गुडघा, धाकट्याचं लग्न हे सगळं उरलेल्या अर्ध्या पानात दाटीवाटीनं बसवलंय. त्यावरून विषयाचं गांभीर्य कळलं. तुमचा निकाल स्वच्छ आहे: ते हॉटेल थाई नाही, थाईच्या नावाखाली चाललेली धूळफेक आहे. उन्हाळ्यात इथे होतात तेव्हा हा नुसता संशय होता. दिवाळीत बँकॉक-पट्टायाची सहल झाली आणि संशयाचा निवाडा झाला. अपिलाची मुभा आहे असं धरून आम्ही त्या हॉटेलाचं वकीलपत्र घेतोय. फी नाही, जेवणावर सूटही नाही, आणि अशिलाला आपला खटला चालू आहे याचा पत्ता नाही. तिथलं जेवण फार थोर असतं असा आमचा दावा मुळीच नाही. ते कधी बरं असतं, कधी नसतं. आमचं म्हणणं जरा अडचणीचं आहे. त्या जेवणात जे काही खोटं आहे, त्यातला पहिला आरोपी स्वयंपाकी नसून गिऱ्हाईक आहे. आणि त्या गिऱ्हाइकांमध्ये आपण मराठी मंडळी पहिल्या बाकावर बसलेले आहोत.

आधी साक्षीदाराची उलटतपासणी. राग मानू नये, वकिलाला ती करावीच लागते. तुमच्याच पत्राप्रमाणे सहलीबरोबर टूरवाल्यांचे महाराज होते; सकाळी कांदेपोहे, रात्री वरण-भात-तूप आणि एका मुक्कामी श्रीखंडसुद्धा. म्हणजे बँकॉकमध्ये तुम्ही जे जेवलात ते अस्सल होतं यात शंका नाही, फक्त ते अस्सल पुणेरी होतं. थाई म्हणून जे पोटात गेलं ते तरंगत्या बाजारातलं शहाळं आणि विमानतळावरचा एक आंबा. एवढ्या पुराव्यावर आमच्या इथल्या हॉटेलवाल्या बाईंना दोषी ठरवायचं, तर पुण्याच्या स्टेशनवर एक चहा पिऊन गेलेल्या माणसाला सदाशिव पेठेतल्या आमटीवर बोलायचा हक्क द्यावा लागेल. तो तुम्ही द्याल असं वाटत नाही.

तरीही तुमचे आरोप मुद्देसूद आहेत आणि मुद्द्यांनाच उत्तर द्यायला हवं. तिथे चॉपस्टिक्स न देता काटा-चमचा दिला, म्हणजे हे लोक अमेरिकनांपुढे वाकले, हा पहिला. काका, थायलंडमध्ये भाताचं जेवण काट्या-चमच्यानंच जेवतात. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. काट्यानं घास चमच्यात लोटायचा आणि चमचा तोंडात घालायचा. चॉपस्टिक्स लागतात त्या शेवयांच्या चिनी वळणाच्या पदार्थांना. उलट इथल्या कित्येक थाई हॉटेलांत भाताबरोबरही चॉपस्टिक्स येतात, कारण गोरी गिऱ्हाइकं त्या मागतात; त्यांना आशियात आल्यासारखं वाटायला हवं असतं. म्हणजे तुम्ही ज्याला पुरावा म्हणता तो आमच्या बाजूचा आहे. दुसरा आरोप त्या नारिंगी चहाचा: असला भगवा चहा जगात कुठे नसतो. बँकॉकमध्ये तो कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, असाच नारिंगी, त्यात आटवलेलं गोड दूध आणि बर्फ. रंग घातलेलाच असतो, तिथेही. आणि तिसरा आरोप तर आम्हाला सगळ्यांत आवडला. मसामान नावाच्या रश्श्यात तुम्हाला चक्क दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि जायफळ लागलं, म्हणून तुम्ही लिहिलंत की या लोकांनी कुठून तरी आपला गरम मसाला आणून ओतलाय. आता त्या नावाकडेच बघा. 'मसामान' हे 'मुसलमान'चंच थाई रूप समजतात. इराण-हिंदुस्थानाकडून व्यापारी गेले, त्यांच्याबरोबर सुका मसाला गेला, तो तिथल्या नारळाच्या दुधात आणि चिंचेत उतरला आणि दोनशे वर्षांपूर्वीच तिथल्या दरबारी काव्यात त्याचा उल्लेख आला. म्हणजे त्या हॉटेलात आपल्यासारखा जो पदार्थ लागला तोच पुराव्यानिशी थाई निघाला, आणि तुम्ही पकडलात तोही तोच.

गोडाच्या तक्रारीवर मात्र आम्ही थोडा वेळ नुसतेच बसून राहिलो. आमटीत गुळाचा खडा न टाकल्यास तिला आमटी न म्हणणाऱ्या घरातून ही तक्रार यावी! चिंच, गूळ, मीठ आणि मिरची हे चार खांब असलेलं जेवण या पृथ्वीवर दोन ठिकाणी जिवाभावानं शिजतं, एक तुमच्या स्वयंपाकघरात आणि दुसरं मध्य थायलंडात. तिथे गुळाच्या जागी ताडाचा गूळ आणि मिठाच्या जागी बहुतेक वेळा खारवलेल्या माशाचं पाणी, एवढाच फरक. तुमची तक्रार गोडाबद्दल नाही, प्रमाणाबद्दल आहे, आणि तीत तथ्य आहे. इथे साखरेचा हात सैल आहे. तो का सैल आहे, हे पुढे येईल.

आता मूळ प्रश्न: अस्सल म्हणजे काय? तुमची व्याख्या अशी दिसते, की पदार्थ जिथला असेल तिथला असावा आणि जुना असावा. ही व्याख्या दिसायला भक्कम आहे, पण त्या हॉटेलाच्या मेन्यूवर लावली की फारच विचित्र निकाल देते. 'स्टार्टर्स'मध्ये क्रॅब रंगून म्हणून एक प्रकार आहे. चीज भरलेली तळलेली कुरकुरीत पुडी. नाव ब्रह्मदेशातल्या शहराचं, पारी चिनी, आतलं क्रीम चीज अमेरिकन, आणि मिळते थाई हॉटेलात. थायलंडशी तिचा काडीचा संबंध नाही. ती रुळवली ट्रेडर व्हिक्स या हॉटेलानं १९५० च्या दशकात, आणि ट्रेडर व्हिक्सचा जन्म ओकलंडचा, म्हणजे आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवरचा. तेव्हा 'जिथलं तिथे' हाच कायदा लावला, तर त्या अख्ख्या मेन्यूवर खराखुरा अस्सल पदार्थ एकच उरतो, आणि तो ही चीजची पुडी.

जुनेपणाचंही तसंच. पॅड थाई, ज्याला सगळं जग थायलंडचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतं, तो वयानं आपल्या थोरल्या आत्यांच्या आसपासचा आहे. १९३८ साली फिबून सोंगक्राम पंतप्रधान झाले, १९३९ साली त्यांनी सयामचं नाव थायलंड केलं, आणि मग कपडे, टोप्या, नमस्काराची पद्धत अशा प्रत्येक गोष्टीला राष्ट्रीय वळण लावायचा सपाटा सुरू झाला. शेवया परतायची रीत चिनी लोकांची. तीत चिंच, ताडगूळ, सुकट आणि मोड आलेले मूग पडले, नावात 'थाई' आलं, आणि सरकारी उत्तेजनानं तो पदार्थ गाडी-गाडीवर पोचला. ज्या पदार्थाच्या नावातच देशाचं नाव घालावं लागतं, त्याच्या देशीपणाबद्दल थोडी शंका घ्यायला हरकत नाही. आपण कधी पिठल्याला मराठी पिठलं म्हणत नाही. तरी आज पॅड थाईला खोटा म्हणायची कुणाची छाती आहे? बर्कलीच्या थाई देवळात, वाट मोंगकोलरतनाराममध्ये, दर रविवारी थाई भाविक स्वयंपाक करतात. टोकन घ्यायचं आणि थाळी भरून घ्यायची. तिथे इतकी झुंबड उडायची, की २००८ च्या सुमारास शेजाऱ्यांनी गर्दी आणि वासाबद्दल पालिकेत तक्रार केली होती. वासाबद्दल तक्रार आली म्हणजे स्वयंपाक चांगला होता, हे वेगळं सांगायला नको. त्या देवळातसुद्धा पॅड थाई असतोच. तो जुना आहे म्हणून नव्हे, लोक मागतात आणि करणाऱ्यांनाही तो आपला वाटतो, म्हणून.

बरं, असं समजू नका की अस्सलपणाची काळजी फक्त तुम्हाला आहे. थायलंडच्या सरकारला ती तुमच्याहून जास्त आहे. अमेरिकेत थाई वंशाचे लोक तीन लाखांच्या आसपास, पण थाई हॉटेलं हजारांनी. त्यामागे नुसती चव नाही, धोरण आहे. २००२ मध्ये त्यांनी 'ग्लोबल थाई' नावाची मोहीम काढली. जगातली साडेपाच हजार थाई हॉटेलं आठ हजारांवर न्यायची, त्यासाठी कर्ज द्यायचं, स्वयंपाकी तयार करायचे. हॉटेलांचे तीन तयार नमुनेसुद्धा आखले होते, स्वस्त, मधलं आणि उंची. त्यांतल्या मधल्याचं नाव 'कूल बेसिल', म्हणजे 'गार तुळस'. नंतर व्यापार मंत्रालयाचा 'थाई सिलेक्ट' हा शिक्का आला, आपल्या आयएसआयसारखा. आणि २०१४ मध्ये तर त्यांनी पदार्थाचा घोट घेऊन तो कितपत अस्सल आहे त्याचे गुण देणारं यंत्रच बाहेर काढलं. विजेवर चालणारी जीभ. हे वाचून तुम्हाला हसू येईल, कारण पुण्यात अशा यंत्राची गरज नाही; प्रत्येक घरात एक असतंच, विजेवाचून चालतं आणि न विचारता गुण देतं. पण हसून झालं की त्या यंत्राची अडचण बघा. ते चव मोजायचं कशाच्या तुलनेत? कुणीतरी कुठल्यातरी समितीत बसून हिरवा रस्सा असा असावा असं ठरवलं, त्या रश्श्याच्या तुलनेत. समितीबाहेरच्या प्रत्येक थाई आजीचा रस्सा त्या यंत्रापुढे नापास होऊ शकतो. सांबार कसं असावं हे चेन्नईच्या एका खोलीत ठरवा आणि मंगळूरला पाठवा, मग कळेल.

तेव्हा गाव, वय आणि यंत्र या तिन्ही कसोट्या बाजूला ठेवू, आणि ज्याच्यावर आमचा मुख्य आरोप आहे त्या गिऱ्हाइकाला पिंजऱ्यात उभं करू. आपल्या मराठी घरांची त्या हॉटेलातली ऑर्डर ठरलेली असते. पॅड थाई द्या. पण त्यात फिश सॉस नको. अंडं नको. सुकट नको. एखाद्या घरात लसूण नको. आणि तिखट मात्र भरपूर, इंडियन हॉट. हे सगळं काढल्यावर बशीत काय उरतं याचा हिशोब करा. पॅड थाईचा खारटपणा आणि त्यामागची खोली ज्या एका वस्तूतून येते ती म्हणजे ते माशाचं पाणी. छोटे मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं. ते गेलं. दाताखाली येणारी चव सुकटीची, तीही गेली. आता स्वयंपाक्याच्या हातात तांदळाच्या शेवया, चिंच, साखर आणि सोया सॉस एवढंच आहे. चव कुठून तरी आणायला हवी, म्हणून तो साखरेचा चमचा आणखी एकदा बुडवतो. मग आपण पहिला घास घेतो, एकमेकांकडे बघतो आणि म्हणतो, गोड आहे हो, अस्सल नाही वाटत. भरल्या वांग्यात कूट नको, गोडा मसाला नको, तेलही बेतानंच, असं सांगणाऱ्या पाहुण्यानं वर काकूंनाच ऐकवावं की तुमची वांगी खानदेशासारखी होत नाहीत, तसलं हे.

यात एक गंमत आणखी आहे, ती काकूंना वाचून दाखवू नका. फिश सॉस नको असं सांगितलं की वाढणारी मुलगी मान डोलावते आणि तो सॉस खरंच वगळते. पण लाल-हिरव्या रश्श्याचं वाटण आधीच तयार असतं, आणि त्या वाटणात थाई रीतीप्रमाणे कोळंबीची आंबवलेली चटणी वाटलेली असते. ती ऐन वेळी काढता येत नाही. म्हणजे 'व्हेज ग्रीन करी' बऱ्याच ठिकाणी व्हेज असते ती फक्त मेन्यूवर. (चातुर्मास पाळणाऱ्यांनी वाटण कशाचं आहे हे आधी विचारावं, एवढीच या पत्रातली उपयुक्त माहिती.)

यावर तुमचं उत्तर आम्हाला इथूनच ऐकू येतंय: 'मग शाकाहारी माणसानं थाई जेवूच नये की काय?' जरूर जेवावं. फक्त शाकाहारी थाई ही आपल्यासाठी केलेली तडजोड आहे, हा समज सोडावा. थायलंडमध्ये 'जे' नावाचं एक पूर्ण वेगळं जेवण आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस ते पाळतात. फुकेतमध्ये तर मोठा उत्सव असतो, आणि बहुतेक वर्षी त्याचे दिवस आपल्या नवरात्राच्या दिवसांवरच येतात. त्यात मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही, आणि काकू, लक्ष द्या, कांदा-लसूणही नाही. हॉटेलांवर पिवळ्या पताका लावतात, म्हणजे बाहेरून कळावं. ज्यांना सोवळ्यातलं अस्सल थाई हवंय त्यांच्यासाठी ते तयार आहे, शतकाहून जुनं आहे, आणि त्यात टोफू, अळंबी आणि भाज्या यांची चव मासा गेल्याची रड न करता उभी केलेली असते. आपण ते मागत नाही. आपण माशाचा पदार्थ मागतो आणि त्यातून मासा काढायला सांगतो.

इथे एक खरा आक्षेप येतो, आणि तो तुम्ही घेतला नाहीत तरी आम्हीच घेतो. थायलंडमधलं गिऱ्हाईक तरी कुठे ताटात येईल ते मुकाट्यानं खातं? तिथे शेवयांच्या साध्या गाडीवरही टेबलावर चार डब्या असतात: साखर, मिरचीची भरड, मिरची घातलेला व्हिनेगर आणि माशाचं पाणी. वाडगा आला की लोक आधी चाखतात आणि मग आपल्या जिभेप्रमाणे त्यात हे घालतात. हो, साखरसुद्धा, खाऱ्या रश्श्यात. म्हणजे पदार्थ पुरा करायचा हक्क तिथे खाणाऱ्याचाच असतो. मग आपण हक्क बजावला तर गुन्हा कसा? फरक आम्हाला असा दिसतो, की तो माणूस पदार्थ ताटात आल्यावर, चाखून, वरून काही घालतो. आपण तो चुलीवर चढायच्या आधी, न चाखता, त्याच्या मुळातून काही काढतो. पहिलं म्हणजे मिसळीवर लिंबू पिळणं. दुसरं म्हणजे कट नसलेली मिसळ मागवून ती फिकी आहे म्हणणं. आणि तिखटाचा आकडा तर पाहुण्याचं नाव विचारावं तसा विचारला जातो: माइल्ड, मीडियम, हॉट की थाई हॉट? एका गल्ल्यावर चार देशांची गिऱ्हाइकं उभी असताना त्या बिचाऱ्यांनी दुसरं करावं तरी काय? ती लवंगीसारखी बारीक मिरची, जिचं थाई नाव शब्दशः 'उंदराच्या लेंड्या' असं होतं, ती अमेरिकन पोराच्या ताटात चार घालून चालत नाही. तेव्हा मधलं काहीतरी काढायचं आणि सगळ्यांना साखरेनं समजवायचं. गोडाचा हात सैल का, याचं उत्तर हे असं आपल्या सगळ्यांच्या ऑर्डरींमध्ये आहे.

'म्हणजे काहीही चालतं म्हणा की,' असं तुम्ही म्हणाल. नाही, काहीही चालत नाही. चिंचेऐवजी टोमॅटो केचप घातलेला पॅड थाई इथे मिळतो, आणि त्याच्या बचावाला आम्ही उभे राहणार नाही. मग रेघ कुठे मारायची? आमच्या मते वस्तू बदलली की नाही यावर नव्हे, बदलणाऱ्याला काय बदललं ते ठाऊक आहे की नाही, यावर. उदाहरण तुळशीचं घ्या. बँकॉकच्या रोजच्या जेवणातला सगळ्यांत लाडका पदार्थ म्हणजे पॅड कप्राव: मोठ्या आचेवर लसूण-मिरचीत परतलेला खिमा, वर मूठभर कप्राव, बाजूला भात आणि कडेनं कुरकुरीत झालेलं अंडं. आता हे कप्राव म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्या वृंदावनातली तुळस. तीच जात. (काकूंना हेही वाचून दाखवू नये, वाचलंच असेल तर पुढे ता. क. बघावा.) इथे ती ताजी सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक हॉटेलं होरापा नावाची बडीशेपेच्या वासाची दुसरी तुळस घालतात. एका हॉटेलात विचारलं तर सांगतील, कप्राव मिळत नाही म्हणून होरापा घातलंय, वास वेगळा येईल. दुसऱ्या हॉटेलात सांगतील, बेसिल म्हणजे बेसिल. बशीत दोन्हीकडे तेच पान आहे; पण पहिल्याकडे एक पदार्थ अडचणीत सापडलाय, दुसरीकडे तो विसरला गेलाय. आणि ताजं कप्राव मिळालं तरी भांडण मिटतं असं नाही. या पदार्थात चवळीच्या शेंगा घालणं म्हणजे पाप की नाही, यावर खुद्द थायलंडमध्ये लोक हमरीतुमरीवर येतात. हे वाचून आम्हाला त्या देशाबद्दल फार आपलेपणा वाटला.

अडचणीतलं आणि विसरलेलं यांतला फरक आपल्याला तरी परका नसावा. थाई रश्श्याला जो लिंबाच्या पानांचा वास हवा, तो मकृत नावाच्या खडबडीत लिंबाचा. एशियन सिट्रस सिलिड नावाचा तिळाएवढा किडा आहे. तो लिंबू-संत्र्याच्या बागांना रोग लावतो. तो २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला आणि लिंबूवर्गातल्या रोपांच्या आणि पानांच्या ने-आणीवर निर्बंध कडक झाले. आता हा किडा आणखी कशावर बसतो? कढीपत्त्यावर. कढीपत्ता त्याच कुळातला. म्हणून तुम्ही विमानातून ताजा कढीपत्ता आणू शकत नाही, आणि त्याच कलमाखाली त्या थाई बाईंची पानंही विमानतळावरच्या टोपलीत जातात. एका किड्यानं दोन स्वयंपाकघरांना एकाच वेळी गोठवलेल्या पानांवर आणून ठेवलं. आमच्या कढीत ते पाकिटातलं काळवंडलेलं पान पडतं तेव्हा ती कढी खोटी होते, असं तुम्ही अजून म्हटलेलं नाही. तेवढीच सवलत शेजारच्या चुलीला मिळावी, एवढंच मागणं आहे.

शेवटचा आरोप स्वयंपाक्याच्या जातकुळीचा. दार उघडं होतं तेव्हा आत तुम्हाला मेक्सिकन माणूस दिसला, आणि तिथेच तुमचा विश्वास उडाला. इथल्या बऱ्याच हॉटेलांच्या भटारखान्यात तिकडूनच आलेली माणसं राबतात, मग पाटीवर इटली असो की जपान. पण थोडं मागे जाऊन बघा. ते पपईचं तिखट-आंबट सॅलड, सोम तम, तुम्हालाही आवडलेला एकुलता एक पदार्थ, त्यात काय काय असतं? कच्ची पपई, मिरची, टोमॅटो, शेंगदाणे. पपई, मिरची, टोमॅटो यांचं माहेर त्या माणसाच्याच मुलखात. शेंगदाण्याचं थोडं आणखी दक्षिणेला. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, १५११ मध्ये मलाक्क्यात आणि लगोलग सयामच्या अयुथ्थयाला. त्यांच्या जहाजांमागोमाग जी मिरची आपल्या खलात पडली तीच सयामच्या खलातही पडली. म्हणजे तो मेक्सिकन माणूस आत मिरची कुटत होता तेव्हा परका कोण होता, हे विचारायला जागा आहे. आणि जात बघायचीच तर सोम तमसुद्धा बँकॉकचा नव्हे, ईशान्येच्या इसान भागातला, लाओसच्या सीमेलगतचा, लाओ बोलणाऱ्यांचा. लंडनमध्ये ज्या थाई हॉटेलाला पहिल्यांदा मिशेलिनचा तारा मिळाला, त्या 'नाम'चा स्वयंपाकी डेव्हिड थॉम्पसन ऑस्ट्रेलियन. त्यानं नंतर बँकॉकमध्येच हॉटेल काढलं तेव्हा थाई लोकांनी नाकं मुरडली, हेही खरं; आणि त्या नाकांचं आम्हाला कौतुक आहे. पण तो जुन्या वह्या वाचून, वाटणं स्वतः कुटून रांधत होता, आणि जन्मानं थाई असलेला कुणीतरी शेजारच्या गल्लीत डबा उघडून तयार वाटण ओतत होता. जीभ तर पारपत्र तपासत नाही.

तेव्हा या कसोटीवर आमच्या अशिलाला गुण देतो, वकील असूनही. सोम तमला पहिला वर्ग: मागवल्यावर आतून खलाचा ठोका ऐकू येतो, 'पोक-पोक', आणि तिकडे हाच आवाज या पदार्थाचं टोपणनाव आहे. मसामान उत्तम. हिरवा रस्सा पातळ, वाटण डब्यातलं. पस्तीस गुण, काठावर पास. पॅड थाईत चिंच आहे, केचप नाही, पण साखर जास्त. तिच्यासाठी अर्धे गुण आपण सगळ्यांनी मिळून कापून घ्यायचे. क्रॅब रंगूनला स्थानिक पदार्थ म्हणून शंभर. पुढच्या खेपेला याल तेव्हा एक प्रयोग करावा असं सुचवतो. काहीही न वगळता एक बशी मागवायची, आणि तुम्ही शनिवार सोडून कुठलाही वार निवडायचा. मग खुशाल अपील फेटाळा.

बाकी सगळं ठीक. पुढच्या पार्सलात गोडा मसाला आणि कुळिथाचं पीठ पाठवा. कढीपत्ता नको, कारण वर दिलंच आहे. सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

आपले,
फ्रिमाँटकर

ता. क. काकूंसाठी: गॅलरीतली तुळस सुखरूप आहे. तिची पानं आजवर फक्त नैवेद्यात आणि सर्दीच्या काढ्यात गेली आहेत. त्या हॉटेलच्या बाईंनी कुंडी पाहून दोन फांद्या मागितल्या तर काय उत्तर द्यायचं, ते मात्र पुढच्या पत्रात कळवा.